डाव्या हाताचं खोकं

खोली भाड्यानं मागायला आलेल्या एकट्या बाईला घरमालक काय काय विचारतात, हे सोलापुरात आठवडाभर वणवण केल्यावर मला पाठ झालं होतं. गाव कुठलं, आडनाव काय, लग्न का नाही झालं, भेटायला कोण कोण येणार. बाहत्तरचा दुष्काळ सरून थोडे दिवस झाले होते आणि मुलींच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. उत्तरं देऊन देऊन मी इतकी वैतागले होते, की आता पुढच्या घरमालकालाच उलट चार प्रश्न विचारायचे असं ठरवून मी त्या घराची कडी वाजवली.

दार उघडलं ते धोतर, बनियन आणि काळी टोपी घातलेल्या एका उंच म्हाताऱ्यानं. त्यानं माझं नावसुद्धा विचारलं नाही. "आत ये. त्या खुर्चीत बस. डोळे मीट," म्हणाला.

मी हबकलेच. ओरडावं की पळावं ते ठरेना. तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "बस पोरी, भिऊ नगंस. गाणं लावत्यात," म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर जाऊन बसल्या. गाणं लागलं. संपलं. मग परत तेच गाणं लागलं.

"फरक सांग," म्हातारा म्हणाला.

खोलीचा आणि गाण्याचा काय संबंध ते मला कळेना, पण खरं वाटलं ते सांगून टाकलं. "दुसऱ्या वेळचं छान होतं. तबला एका बाजूनं येत होता, सारंगी दुसऱ्या बाजूनं. मधे कुणी बसून गातंय असं वाटलं."

म्हाताऱ्यानं कारलं चावल्यासारखं तोंड केलं. "चुकलीस. पर खोटं बोलली न्हाईस. वरची खोली घे."

अशी मी मास्तरांची भाडेकरू झाले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आयुष्यभर ते मिलच्या विणकाम खात्यात होते, मागांवर देखरेख करायचे, म्हणून गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, नाहीतर ओटा बांधतात. मास्तरांनी फंडाच्या पैशातून स्टिरिओ आणला. मधे रेकॉर्ड फिरवायचं यंत्र आणि दोन बाजूंना दोन लाकडी खोकी. आणला तो आवडला म्हणून नव्हे. स्टिरिओ ही शुद्ध लबाडी आहे असं त्यांचं ठाम मत होतं. "शिव्या घालायच्या तर वस्तू घरात पायजे की," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला डबा पडायचा राहिला.

त्या काळात जुन्या रेकॉर्डी मोनो असत. सगळा आवाज एकत्र मुद्रित केलेला, तुम्ही कितीही खोकी जोडा, प्रत्येकातून तेच सगळं येणार. स्टिरिओत आवाज वाटलेला असे, काही डावीकडून, काही उजवीकडून. काही रेकॉर्डी दोन्ही प्रकारांत मिळत आणि मास्तर त्या दोन्ही आणत. घरात धड स्टूल नव्हतं, पण एकेक गाणं दोन-दोनदा होतं. मोनोच्या रेकॉर्डी लाकडी फळीवर, हळदीकुंकू लावून. स्टिरिओच्या खाली, चपलांच्या शेजारी.

नवी रेकॉर्ड आणली की ते ती चादरीचा नमुना पाहावा तशी उजेडाकडे धरत, बोटाच्या पेरानं कड चाचपत आणि निकाल देत. "ही मोनो. घट्ट इणलीय. ही स्टिरिओ. लई झिरझिरीत." आणि मग त्यांचं ते वाक्य, जे मी झोपेतही म्हणू शकले असते: "गाणाऱ्याला तोंड एकच असतंय की. मग दोन खोक्यातनं कशापायी गाईल?"

त्यांची खरी तक्रार तबल्याची होती. स्टिरिओ लावला की तबला पळून जातो, असं ते म्हणत. मोनोत तोच तबला ठणठणीत, स्टिरिओत मात्र कुठल्यातरी लांबच्या गल्लीत वाजतोय असा. "कंपनीनं तबलजी चोरला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मला तर स्टिरिओत तबला उलट जास्त स्वच्छ ऐकू येई, डाव्या हाताच्या खोक्यातून, बोट न् बोट मोजावं असा. मी तसं म्हटलं की ते माझ्याकडे फार दयेनं बघत.

एकदा शाळेतून आले तर अंगणात दोरीवर काळ्या भाकऱ्या वाळत घातल्यासारख्या रेकॉर्डी लटकत होत्या. मधल्या भोकातून सुतळी ओवलेली. मास्तर खाली रिठ्याच्या पाण्याची बादली घेऊन बसले होते आणि आणखी एक रेकॉर्ड घासत होते. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ओल्या लुगड्याचा पिळा हातात घेऊन दोरीवर जागा शोधत उभ्या होत्या. "माझं लुगडं कुटं घालू आता?" त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान वर केली नाही. काकूंनी थोडी वाट पाहिली आणि लुगडं निवडुंगाच्या कुंपणावर पसरलं.

या माणसाच्या वेडाचं मला हसू यायचं, पण हे असलं काही पाहिलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. काकू बोलत आणि मास्तर उत्तर देत नसत. रोज, जेवताना, ओसरीवर, रस्त्यानं चालताना. काकू जुन्या वळणाच्या. होमहवनाला, पूजेला नवऱ्याच्या उजव्या हाताला बसायचं आणि एरवी कायम डाव्या अंगाला, असं आईनं शिकवलेलं त्यांनी जन्मभर पाळलं. नवऱ्याच्या समोर उभं राहून तोंडाला तोंड देणं त्यांना कधी जमलं नसतं. त्या आपल्या डाव्या बाजूला बसून, खाली बघत, हळू आवाजात काहीतरी विचारायच्या आणि मास्तर समोर बघत राहायचे. गल्लीतल्या बायका नवऱ्याला "अहो, ऐकलं का?" अशी हाक मारत. काकूंनी ती हाक कधीच सोडून दिलेली होती. काही सांगायचंच असलं तर त्या खुर्चीच्या पाठीवर पळीनं टकटक करत.

यात गंमत अशी, की श्रावणात सत्यनारायण घातला तेव्हा मास्तर एकदम बोलके झाले. काकूंनी "फुलं द्या" म्हटलं की फुलं, "घंटी वाजवा" म्हटलं की घंटी. मधेच काकू पुटपुटल्या, "गुरुजींची दक्षिणा काढून ठेवलीय न्हवं?" तर "व्हय व्हय, खिशात हाय," असं चटकन उत्तर. मी बघतच राहिले. नंतर भांडी आवरताना मी काकूंना तसं म्हटलं, तर त्या कोरडं हसल्या. "देवापुढं सोंग असतंय ते. चार लोकं बसलेली असत्यात."

गल्लीला मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. विणकाम खात्यातली माणसं अशीच, असं सगळे म्हणत. शेकडो माग धडधडत असताना बोलणं ऐकू कसं येणार? तिथं ओठ हलवून आणि हातवारे करून बोलायची रीतच होती. शेजारी अंबादासअण्णा राहायचे. मास्तरांचे मिलमधले दोस्त, पुढे घरचे चादरींचे माग टाकलेले, घरात तेलुगू आणि बाहेर आमच्यासारखी मराठी बोलणारे. रविवारी सकाळी ते रेकॉर्डी ऐकायला येत. गाणं चालू असताना हे दोन म्हातारे समोरासमोर बसून आवाज न काढता ओठांनी गप्पा मारत, बोटं नाचवत, खदखदा हसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं दोघांनाही काहीतरी झटका आलाय.

मास्तरांचा राग यायला अजून एक कारण घडलं. मी त्यांच्याबरोबर बाजारातून येत होते. डावीकडून एक सायकलवाला चांगली घणघण घंटी वाजवत आला. मास्तर सरळ त्याच्या पुढ्यात गेले. दोघं पडले, भाजी रस्त्यावर. मास्तर उठून त्या बिचाऱ्याच्या अंगावर धावले, "घंटी न वाजवता येतो व्हय रं, मुडद्या?" तो गरीब माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी भाजी गोळा करता करता मनात म्हटलं, हा माणूस जगात दुसरं कुणी आहे असं धरूनच चालत नाही.

आणि काकू चहा पीत नसत. सोलापुरात, मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या घरात चहाचं आधण चढतं त्या घरात, काकू सगळ्यांना चहा देऊन स्वतः पाणी पीत. पित्त होतं म्हणून असेल असं मी धरून चालले होते. एका दुपारी आम्ही दोघी शेंगदाण्याची चटणी कुटत बसलो होतो. मास्तर नव्या रेकॉर्डी बघायला बाहेर गेले होते. मी सहज विचारलं, तर काकूंचा हात उखळावर थांबला.

"बार्शीला माझी ताई असायची," त्या म्हणाल्या. "ती गेली. मागं एक लेकरू, पोरगी. चालायला शिकली होती नुकती. आमाला तर काय झालंच न्हाई. ताईचं तेरावं करून आमी दोघं यष्टीनं येत होतो. मी खिडकीपाशी, हे माझ्या उजव्या अंगाला. लई येळ मनाशी घोकलं आन् मग इचारलं यांना. 'ताईच्या लेकीला आपल्या घरी आणू या का?' म्हनलं."

"मग?"

"समोर बगत बसले. मी वाट बगतेय. जरा येळानं माझ्याकडं वळले आन् म्हनले, 'वैरागला चहा घिऊ.'"

चटणीचा तिखट वास नाकात जात होता आणि माझे डोळे भरून आले ते त्यानंच, असं मी दाखवलं.

"परत नाही विचारलंत?"

"एकदा इचारलं. न्हाई म्हनले असते तर भांडले तरी असते. ह्यांनी तर मी बोललेच न्हाई असं केलं. त्याच्या म्होरं पुन्ना पदर पसरायचा?" काकूंनी मुसळ उचललं. "पोरगी करकंबला चुलत्याकडं गेली. शाळा न्हाई, काय न्हाई. गुरामागं धाडलं तिला. लगीन बी लवकरच लावलं. आता तिची लेकरं तेवढी झालीत. कवा भेटली तर 'मावशी' म्हनती, पर पाय शिवून लगेच बाजूला व्हती. तिला वाटतंय, मावशीलाच नको होतो आपण."

त्या दिवसानंतर मला मास्तरांकडे बघवेना. रेकॉर्डवरची धूळ मऊ मखमलीनं पुसणारा हा माणूस, तबला जरा लांब गेला तर कंपनीच्या नावानं बोटं मोडणारा, आणि बायको आयुष्यातली एकच गोष्ट मागते तेव्हा हा चहाचं काढतो! घर सोडायचं मी नक्की केलं होतं. दुसरी खोली बघूनही ठेवली होती. येणारा रविवार माझा त्या घरातला शेवटचा ठरायचा.

त्या रविवारी अंबादासअण्णा आले तेच खुमखुमीनं. "मास्तर, तुमी रेकॉर्डीचा कागद बगता आन् मग निकाल देता. स्टिरिओ दिसली की तबला पळाला. आज खुर्ची फिरवा. खोक्यांकडं पाठ करून बसा. रेकॉर्ड बाई लावतील. मग सांगा."

"फिरव की!" मास्तर म्हणाले. "कुटूनबी ऐकव. लबाडी ती लबाडी."

खुर्ची उलटी फिरवली. मास्तर खोक्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ताठ बसले. काकू आपल्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी, पाटावर गहू निवडत होत्या. मी पहिल्यांदा मोनो लावली. मास्तरांनी दोन ओळींतच मांडीवर थाप मारली. "मोनो! तबला बग कसा हाय, सारंगी बग. सगळी मंडळी हजर."

मग मी स्टिरिओ लावली. नेहमीचीच, चपलांशेजारची. मास्तरांच्या कपाळावर आठ्या आल्या. मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"बाई, ही कंची रेकॉर्ड?"

"तुम्हीच सांगायचंय ना."

"तबला तर हाय. चांगला ठणकतोय. पर सारंगी कुटाय? सारंगी पळाली की!" ते चिडले. "तुमी रेकॉर्ड बदलली. ही माझी न्हवं. माझीत तबला पळतो, सारंगी न्हाई."

"तीच आहे हो मास्तर," मी म्हटलं.

अण्णा गुडघ्यावर हात आपटून हसत होते. काकूंनी सुपातून मान वर न काढता, नेहमीसारखंच स्वतःशी बोलावं तसं म्हटलं, "सारंगी कशी पळंल? डोकं फिरलंय ह्यांचं."

"डोकं कुनाचं फिरलंय गं?" मास्तर गर्रकन काकूंकडे वळून ओरडले.

काकूंच्या हातातलं सूप कलंडलं. गहू घरभर झाले. मला आधी कळेचना की इतकं दचकायला काय झालं. नवरा बायकोवर ओरडला, एवढंच तर. मग लक्षात आलं. मी त्या घरात आल्यापासून, त्या जागेवरून, त्या आवाजात काकू बोललेल्या एकाही वाक्याला मास्तरांनी उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. आज खुर्ची फिरली होती. आज काकू त्यांच्या उजव्या बाजूला होत्या.

काकू उठल्या. गहू तुडवत फळीपाशी गेल्या आणि गजराचं घड्याळ उचललं. ते घड्याळ इतकं टकटक करायचं की मला वरच्या खोलीत ऐकू येई. त्यांनी मला खूण केली, मी रेकॉर्ड थांबवली. त्या मास्तरांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या हाताचा पंजा त्यांच्या उजव्या कानावर घट्ट दाबला आणि घड्याळ डाव्या कानाला लावलं.

मास्तर अवघडून बसले. घड्याळ टकटकत होतं. अण्णांचं हसू विरलं.

काकूंनी त्यांच्यासमोर वाकून, ओठ मोठे हलवत विचारलं, "वाजतंय का?"

"कुटं वाजतंय?" मास्तर म्हणाले. "बंद हाय ते. किल्ली दे त्याला."

अण्णांनी ओठांनीच, आवाज न काढता काहीतरी म्हटलं, आणि मास्तरांनी ते वाचलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला. त्यांनी काकूंच्या हातातलं घड्याळ घेतलं, स्वतः डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. मग परत डाव्या. लहानपणी गालगुंड झालं होतं, महिनाभर अंथरुणात होतो, असं काहीतरी ते बोलले. कान तेव्हा गेला असणार आणि ज्याला दोन कानांनी ऐकणं ठाऊकच नाही त्याला एक गेल्याचं कसं कळावं? पुढं सगळी नोकरी अशा जागी, जिथं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मास्तरांचा तबला कुणी चोरला नव्हता. तो रोज त्यांच्या डाव्या हाताच्या खोक्यात वाजत होता.

"म्हंजी स्टिरिओ खरा हाय म्हना की," मास्तर कसनुसं हसून म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं की विषय रेकॉर्डींचा चालला आहे.

काकू त्यांच्या उजव्या बाजूला आल्या. पूजेला बसतात तशा, खुर्चीशी, खाली जमिनीवर. गव्हातच बसल्या.

"बार्शीहून येताना यष्टीत तुमाला एक इचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"कवा?"

"ताईचं तेरावं करून येताना."

मास्तरांनी आठवून बघितलं. "तू तर गप बसली होतीस की खिडकीत. लई रडली होतीस, तोंड सुकलं होतं तुझं. मलाच काय बोलावं कळंना, म्हनून मी चहाचं काढलं. काय इचारलं होतंस?"

काकूंचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. त्यांनी एकही शब्द बदलला नाही. "ताईच्या लेकीला आपल्या घरी आणू या का?"

मास्तर काकूंकडे वळले. मग अगदी सहज, यात विचार कसला करायचा अशा सुरात म्हणाले, "आणायची की. आपल्याला तरी दुसरं कोन होतं? मग बोलली का न्हाईस?"

काकूंनी तोंडात पदर कोंबला. अण्णा उठून चपला न घालताच बाहेर गेले. मी जिना चढून वर आले आणि बांधून ठेवलेल्या ट्रंकेवर बसून राहिले. खाली काकू रडत होत्या आणि मास्तर "बोलायचं की गं, बोलायचं की," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना ते कुणीतरी नीट समजावून सांगितलं असेल, का त्यांचं त्यांनाच हळूहळू उमगलं असेल, मला माहीत नाही. संध्याकाळी कुणीही गाणं लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं करकंबला निघाली. पोरीच्या चुलत्याकडून तिच्या सासरचा पत्ता घ्यायचा होता. आता जाऊन ती दोघं तिला काय सांगणार होती, कुणास ठाऊक. मी शाळेत जाता जाता त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत गर्दी होती. काकू सवयीनं खिडकीकडे सरकायला लागल्या, तर मास्तरांनी त्यांचा दंड धरला आणि आधी स्वतः आत शिरले.

गाडी सुटली तेव्हा खिडकीशी मास्तर बसले होते आणि त्यांच्या उजव्या अंगाला बसून काकू बोलत होत्या.